आठच्या आकड्यातला पूल

इंदोरा, नागपूर
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय महादेवकाका यांस,
सविनय नमस्कार.

“सगळं भरून टाकू नको वं, थोडं बाकी ठेव. बाकी राहिलं की परत यावं लागते.”

मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी मला हे सांगितलं होतं. मी चित्रकलेच्या वहीत आभाळ रंगवत होते आणि पानाच्या कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत निळं करायच्या नादात होते. असं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण गेला महिनाभर ते वाक्य घरात माझ्या मागे मागे फिरतं आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी सरिता, लहानू गजघाटे यांची मुलगी. बाबा हवाई दलात विमानं रंगवायचे आणि तुम्ही त्याच तळावर फिटर होता, एवढंच मला ठाऊक आहे. तेही एका फोटोमुळे. फोटोत तुम्ही दोघं एका छोट्या लढाऊ विमानाला टेकून उभे आहात आणि दोघांनाही हसू आवरत नाही. फोटोच्या मागे बाबांच्या वळणदार अक्षरात तुमचं नाव आणि काटोल तालुक्यातला पत्ता आहे. पत्ता त्रेपन्न वर्षं जुना आहे, पण गावं कुठे जात नाहीत, म्हणून लिहिते आहे.

बाबा आता पंचाहत्तरचे आहेत. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खाल्ली. मधोमध चहाच्या कपाच्या तोंडाएवढं उजेडाचं वर्तुळ उरलं आहे, त्यातून मावेल तेवढं जग. उन्हाळ्यापर्यंत तेही मिटेल, असं डॉक्टर म्हणतात. मी विचारलं, “बाबा, काय पाहायचं आहे?” मला वाटलं, बुद्धगया म्हणतील, नाही तर समुद्र. ते म्हणाले, “नॅट.”

नॅट म्हणजे ते फोटोतलं विमान. मी त्याचा प्लास्टिकचा संच मागवला. बत्तीस पटीनं लहान, वीतभराहून जरासं मोठं. मी रामदासपेठेत दातांच्या लॅबमध्ये सिरॅमिकचे दात करते. माणसाच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवून नवा दात रंगवायचा, हेच माझं काम. त्यामुळे बारीक ब्रश, कानस, चिमटा सगळं हाताशी आहे. तुकडे जोडून झाले. सांधे घासून झाले. फक्त ते अडेल वासरासारखं शेपटीवर बसतं, नाक वर करून. आणि रंग कोणता ते कळत नाही, बाबा म्हणतात, “हिरवा, पण तो हिरवा नाही.”

सगळ्यात मोठी अडचण नंबरची. नंबराशिवाय विमान कुठलंही असू शकतं, आणि बाबांना कुठलंही नको आहे. पण मी नंबर विचारला की ते गप्प होतात. फोटोत नंबर आहे, शेवटचा आकडा मात्र दिसत नाही. त्यावर तुमचं कोपर आहे.

काका, तुमच्या कोपराखाली काय होतं?

आपली,
सरिता

*

ता. काटोल
१२ नोव्हेंबर

चि. सरिता,
जयभीम. तुझ्या बापाले मी नेहमी जयभीम म्हणायचो अन् तो मले रामराम म्हणायचा. एकमेकाचं एकमेकाले. म्हणून सवयीनं लिहिलं.

पोस्टमन फाटकापाशी उभा राहून हाका मारून राहिला होता म्हणे. मले ऐकू येत नाही. जेट इंजिनाच्या बाजूला पंधरा वर्षं उभा राहिलो, कान तिथंच ठेवून आलो. म्हणून फोन नंबर मागू नको. नातू गोलू म्हणते, आबा मेसेज करा. मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. पत्र बरं, जागेवर राहते.

विमान शेपटीवर बसते कारण नाकात वजन नाही. खऱ्या विमानाच्या नाकात सामान भरलेलं असते, तुझं पोकळ आहे. नाकात काही जड टाक, मग उभं राहील शहाण्यासारखं.

हिरवा म्हणजे बाटलीचा हिरवा नाही. संत्र्याचं जुनं पान घे. त्याच्यावर रस्त्याची धूळ बसली अन् सकाळच्या दवानं अर्धी धुतली, तर जो राहील तो. मातकट रंग आपल्या काळ्या मातीचा नाही, तिकडं तळावरच्या मातीचा. बाजरीची भाकर थंडी झाल्यावर दिसते तसा. पोटाखाली फिका निळसर, दूध फाटल्यावर जे पाणी सुटते त्याच्यासारखा.

लढाई तोंडावर आली तेव्हा चांदीसारखी विमानं घाईघाईनं ब्रशनं रंगवली होती. ब्रशाच्या रेघा दिसल्या पाहिजे. लहानू त्या रेघा समोरून मागे ओढे, वारा जाते तशा. बाकीचे पेंटर कशाही ओढत. तो म्हणे, विमानाले उलटं कुरवाळायचं नसते, मांजरासारखंच आहे ते.

नंबर मले आठवत नाही. कोपर माझंच आहे, पण कोपराले डोळे नसतात.

लहानूनं तुले सांगितलं का, महादेवले लिही म्हणून? खरं ते सांग.

महादेव चरपे

*

इंदोरा, नागपूर
२४ नोव्हेंबर

प्रिय काका,
जय भीम, आणि माझ्याकडून रामराम.

खरं सांगते. बाबांनी सांगितलं नाही. त्यांना या पत्रांचं माहीतच नाही. तुमचं पत्र मी लॅबच्या कामाचं आहे असं भासवून पर्समध्ये ठेवलं.

नाकात मी लॅबमधले धातूचे तुकडे भरले, दातांच्या टोप्या ओतताना उरतात ते. आता ते तीन पायांवर उभं आहे, नाक पुढे, कान टवकारल्यासारखं. नागपूरच्या न जाणो कुणाकुणाच्या दातांचं वजन घेऊन.

रंगासाठी मी आमच्या कॉलनीतल्या संत्र्याच्या झाडाची पानं लॅबमध्ये नेली. सोबतची प्रीती म्हणाली, “दीदी, पेशंट बकरी आहे काय?” तीन दिवस रंग मिसळत होते. मग एका सकाळी बाबांच्या त्या कपाएवढ्या वर्तुळात पंख धरला. त्यांनी डोकं जरा वाकडं केलं आणि म्हणाले, “दव पडलं होतं का वं?” तुमचं पत्र त्यांना कसं ऐकू गेलं, याचंच नवल करत राहिले. रेघा समोरून मागे ओढल्या आहेत. त्यांनी नखानं तपासल्या.

रविवारी रंग सुकावा म्हणून विमान खिडकीत दोऱ्यानं टांगलं होतं. दुपारचं ऊन तिरपं झालं आणि त्याची सावली समोरच्या भिंतीवर मोठी होऊन फिरू लागली. कॅलेंडरवरून गेली, बुद्धाच्या तसबिरीखालून, आईच्या फोटोवरून. बाबा खुर्चीत बसून त्यांच्या वर्तुळात ती पकडायचा प्रयत्न करत होते. सावली वर्तुळात शिरली की म्हणायचे, “आलं.” निसटली की, “गेलं.” वारा मंद होता. आलं. गेलं. आलं. मी तांदूळ निवडत होते, आणि काही वेळानं मला वाटू लागलं की हे घरच आभाळात कुठेतरी थांबलं आहे आणि आम्ही दोघं कुणाची तरी वाट पाहतो आहोत. शेवटचं “गेलं” म्हटल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. ऊन सरलं होतं, सावली परत येणार नव्हती. मी दिवा लावला नाही.

काका, तुम्हाला धुतलेल्या धुळीचा रंग आठवतो आणि नंबर आठवत नाही, हे मला पटत नाही. तुमच्या दोघांत काही घडलं आहे. मला जे वाटतं ते लिहितेच. तुम्ही शेतकरी घरातले, आमचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. फोटोत खांद्यावर हात असतो, गावात गेल्यावर तो राहत नाही. तसं असेल तर तसं लिहा. मला वाईट वाटेल, पण नवीन काही वाटणार नाही.

सरिता

*

ता. काटोल
९ डिसेंबर

सरिता,

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

तू म्हणतेस ते घडलं होतं. सत्तर साली लहानू माझ्यासंग सुट्टीत गावाले आला. माझ्या मायनं त्याले वेगळ्या कपात चहा दिला, कान तुटलेल्या. मी पाहिलं अन् बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत मीच रडलो, तर तोच मले म्हणे, “तुझ्या मायचं वय झालं गा, तुझं नाही झालं. तू सुधर.” ते त्यानं तिथं गाडीतच सोडून दिलं. त्याच्यानंतर वर्षभर आम्ही एका मगात चहा प्यालो. म्हणजे ते कारण नाही. ते माफ झालं. दुसरं झालं नाही.

नंबरचा शेवटचा आकडा आठ होता.

आकडे पत्र्याच्या स्टेन्सिलनं टाकत. आठच्या पोटातले दोन तुकडे पडू नयेत म्हणून पत्र्यात बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात. आम्ही त्याले पूल म्हणत होतो. रंग मारून पत्रा उचलला की आकड्यात तेवढ्या फटी राहतात, त्या मग हातानं भराव्या लागतात. लहानू सगळे पूल भरे, अन् शेवटच्या आकड्यातला एक ठेवे. विमान गेलं, परत आलं, की सांजच्याले एक थेंब रंग घेऊन तो भरून टाके. सकाळी थिनरच्या चिंधीनं पुन्हा पुसे. मी विचारलं, “हे काय गा?” तो म्हणे, “काही नाही, रंग नीट धरला नाही.” मले तेच खरं वाटलं.

त्या नंबरासाठी त्याले दोनदा बोलणी बसली होती, अर्धवट काम म्हणून. एकाहत्तरच्या लढाईतला, डिसेंबरचाच महिना. सकाळी तपासणीले साहेब येणार होता अन् लहानू दुसऱ्या विमानापाशी होता. मी त्याच्याच डब्यातला ब्रश घेतला अन् पूल भरून टाकला. त्याले पुन्हा बोलणी बसू नये, एवढंच मनात होतं. छान भरला होता. मले वाटलं, खूश होईल.

दहा वाजता विमान गेलं. जाताना पायलट साहेबानं, अगदी पोरगं होतं, मले अंगठा दाखवला. परत आलं नाही.

दुपारी लहानू माझ्यापाशी आला. “पूल कोणी भरला?” मी म्हटलं, “मीनं. तुले बोलणी बसू नये म्हणून.” माणूस रागावला तर बरं असते. तो रागावला नाही. त्यानं फक्त तोंड फिरवलं. एक वर्ष एका बराकीत खाटेले खाट लावून राहिलो, पण तो माझ्याशी बोलला नाही. मग माझी बदली झाली.

तुझा बाप शकुन-अपशकुन मानत नव्हता. मांजर आडवं गेलं की मी थांबायचो, तर तो माझ्यावर हसायचा. अन् तो माणूसही मनात असं काही धरून बसला होता, हे मले तेव्हाच समजलं, त्या एका सवालातून. तेव्हापासून मी ब्रश हातात घेतला नाही. पोळ्याले बैलाची शिंगंही पोरंच रंगवतात. लोक विचारतात, काहून गा महादेवराव? मी म्हणतो, हात कापते.

आता नंबर तुले माहीत झाला. टाकायचा की नाही ते तू पाहा. पत्र लहानूले दाखवू नको.

महादेव

*

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय काका,

महिनाभर उत्तर दिलं नाही, माफ करा. मधे बाबांना न्यूमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात काढले. आता घरी आहेत.

आणि दुसरी माफी. मी पत्र त्यांना वाचून दाखवलं.

दवाखान्यातल्या खाटेवर ते झोपेत बोलत होते, “पुसलं का? सकाळ झाली, पुसलं का?” नर्सला वाटलं तोंड पुसायचं आहे. मला कळलं, आणि त्यानंतर ते पत्र पर्समध्ये ठेवणं मला जमेना. घरी आल्यावर एका दुपारी वाचलं. कपाच्या गोष्टीला ते हसले. “तुझं नाही झालं. तू सुधर” हे वाक्य मी वाचायच्या आधीच त्यांनी म्हटलं. मग मी पुढे वाचत गेले. संपल्यावर बाबा म्हणाले, “ते पुन्हा वाच. बोलणी बसू नये म्हणून, ते.” मी वाचलं. “पुन्हा.” चौथ्यांदा मला वाचवेना.

मग ते बोलले. तुम्हाला त्यांचे शब्द जसेच्या तसे देते.

“मी त्याच्यावर रागावलो नव्हतो वं. मले त्याच्याकडं पाहायची लाज वाटे. सात वर्षांचा होतो, बापाच्या खांद्यावर बसून लाखो लोकांत प्रतिज्ञा म्हटल्या. शकुन नाही, नवस नाही, गंडा नाही, दोरा नाही. अन् मी काय करून राहिलो होतो? चिंधीनं आठ पुसून राहिलो होतो. महादेवले ते दिसलं.”

“मग त्यांना सांगितलं का नाही, बाबा? तुमच्यामुळे नाही म्हणून?”

“काय सांगू? मी मानतो म्हणून, की मानत नाही म्हणून? दोन्ही खोटं होतं.”

मी आमच्या घरात कधी लिंबू-मिरची पाहिली नाही, मुहूर्त पाहिला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी सासरच्यांना ठणकावून सांगितलं होतं, पंचांग आणाल तर रद्दीत घालीन. तोच माणूस जरीपटक्याच्या बाजारात तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत होता, आणि प्रत्येक पाटीत एक फट ठेवत होता. लोक म्हणायचे, लहानू पेंटर घाईचा आहे. मीही तेच समजत होते.

गेल्या शनिवारी मी मुद्दाम त्या बाजारात गेले. सगळीकडे फ्लेक्स लागले आहेत. पण ओमप्रकाशजींच्या घड्याळाच्या दुकानावर अजून पत्र्याची पाटी आहे. ‘दुरुस्ती’च्या वेलांटीत गव्हाच्या दाण्याएवढी फट. त्यांना दाखवली तर म्हणाले, “अरे बेटी, तुम्हारे पापा हर दिवाली बोलते थे, आके भर दूंगा. आते थे, चाय पीते थे, चले जाते थे.” मी त्या पाटीखाली उभी राहिले. दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. आणि मला वाटलं, हा सगळा बाजारच बाबांनी परत यायच्या बोलीवर बांधून ठेवला होता, एकेका फटीनं.

काका, नंबर टाकला. स्टेन्सिल जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापली. आकडा भाताच्या शितापेक्षा मोठा नाही. पूल नीट राहिले की नाही, ते बाबांनी बोटाच्या टोकानं पाहिलं. सगळे भरले. आठमधला एक राहिला आहे.

बाबांनी तुम्हाला रामराम सांगितला आहे. कधी नागपूरला आलात तर घरी या. मेट्रो इंदोरा चौकात थांबते, तिथून पाच मिनिटं.

सरिता

*

(पोस्टकार्ड)
२१ जानेवारी

चि. सरिता, रामराम पोचला. त्रेपन्न वर्षं लागली, पोस्टाले बोल लावू नको. येणं होणार नाही. गुडघे आहेत, कान आहेत, बस आहे. कारणं पुष्कळ, खरं त्यातलं एकही नाही, ते तुले समजते. लहानूले जयभीम सांग. विमान पुरं करून टाक, उन्हाळा काही थांबत नाही. तो पूल तूच भर. महादेव.

*

इंदोरा, नागपूर
२ फेब्रुवारी

प्रिय काका,

पोस्टकार्ड बाबांनी स्वतः वाचलं. वर्तुळ आता कपाएवढं राहिलेलं नाही, बाटलीच्या बुचाएवढं झालं आहे, त्यामुळे एकेक अक्षर धरून वाचावं लागलं. अर्धी दुपार गेली. “पोस्टाले बोल लावू नको” इथपर्यंत आले आणि इतके हसले की खोकला आला. “असाच आहे तो,” म्हणाले. आहे म्हणाले, होता नाही.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी ब्रश घेतला. दातांना सगळ्यात शेवटचा हात देते तो, चार-पाच केसांचा. रंगात बुडवला. बाबांनी विचारलं, “काय करून राहिली?” मी सांगितलं. त्यांनी माझा हात शोधला आणि बाजूला केला. “तो तुझा नाही.” मग मी ब्रश त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो थोडा वेळ धरला, तसाच परत दिला. “माझाही नाही.”

तेव्हापासून विमान खिडकीत आहे. सगळं झालं आहे त्याचं. संत्र्याच्या पानाचा हिरवा, भाकरीचा मातकट, पोटाला फाटल्या दुधाचं पाणी. संध्याकाळी ऊन आलं की आठमधल्या त्या फटीत खालचा हिरवा दिसतो, केसाएवढा. मी लॅबमधून आले की आधी तिकडे बघते. बाबाही तिकडेच तोंड करून बसलेले असतात. त्यांना ती फट दिसत नाही आता. ती आहे, एवढंच त्यांना ठाऊक आहे.

कधी कधी मला स्वप्न पडतं की मी त्या विमानाच्या काचेच्या टोपीखाली बसले आहे, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि खाली खूप मोठ्या मैदानावर दोन पोरं एका मगात चहा पीत वर बघत आहेत. मला उतरायचं असतं. पण त्यांच्यापैकी कुणीतरी एकानं हात केल्याशिवाय उतरता येत नाही.

काका, तो पूल तुम्ही भरा. त्या दिवशी तुम्ही भरलात त्यात काही वाईट नव्हतं, हे बाबांना तुम्हाला तोंडानं सांगता येणार नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्यांना ते कधी बोलताच आलं नाही. पण तुमच्या हातात त्यांनी ब्रश दिला तर वेगळं काही सांगायला नको. हात कापत असेल तर मनगट मी धरीन, दिवसभर तेच करते. रंग मी ओला ठेवीन. चहा एकाच मगात देईन.

तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. एका पोस्टकार्डात तुम्ही ते म्हणूनही टाकलं आहे. तरी मागते आहे. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर एवढं करा. पत्रानं म्हणू नका. बाबांच्या समोर, त्या बुचाएवढ्या वर्तुळात मावाल इतक्या जवळ उभे राहा, आणि त्यांना दिसेल असं, मान हलवून नाही म्हणा.

तुमची,
सरिता